कापराच्या पुरचुंड्या

खालची खानावळ बंद पडली आणि आठवड्याच्या आत झुरळं वर आली. इतकी वर्षं त्यांचं पोट तिथेच भरत होतं. आता उपासमार झाली, तशी ती सांडपाण्याच्या पाइपातून, वायरींच्या नळ्यांतून, जिथून म्हणून अंग चोरून शिरता येईल तिथून पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत शिरली. आणि त्या दोन खोल्यांत जो राहत होता, त्याचा धंदाच मुळी झुरळं मारायचा होता. सगळ्या इमारतीला याचं भारी हसू येई.

"काय हो झुरळवाले, ओळख काढत आली वाटतं?" समोरच्या खोलीतला शिंपी जिन्यात भेटला की विचारी. "का सूड उगवायला?"

"पाहुणचाराला आलीत," तोही हसून म्हणे. "जातील चार दिवसांत."

पण ती जाईनात. आणि त्याच्या हसण्यातला जीवही हळूहळू गेला.

बारा वर्षं तो फवारणीच्या कंपनीत होता. पाठीवर पंप, हातात नळी, तोंडाला फडकं बांधून लोकांच्या स्वयंपाकघरांत गुडघ्यांवर रांगायचं, फ्रिजच्या मागे, ओट्याखाली, कपाटांच्या सांध्यांत नळी घालायची. कामात तो चोख होता. पण त्या बारा वर्षांनी त्याचं नाक नेलं होतं. आधी फोडणीचा वास कळेनासा झाला, मग साबणाचा, आणि शेवटी कसलाच. बायको म्हणायची, "घराला आग लागली तरी तुम्हाला धूर दिसल्याशिवाय कळायचं नाही." तो म्हणायचा, "मग तू आहेस ना." दोघं हसायची. नाकाचं कुणी फार मनावर घेत नाही. डोळा नव्हे की कान नव्हे.

स्वतःच्या घरात मात्र त्याने एकदाच फवारणी केली होती, दोन वर्षांपूर्वी. कामावरून उरलेलं थोडं औषध त्याने घरी आणलं, कोपऱ्याकोपऱ्यांत मारलं, दोन तास दारं बंद ठेवली आणि संध्याकाळी सगळी घरात आली. लेक तेव्हा सहा वर्षांची होती. आठवडाभरातच तिला धाप लागायला लागली. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज, खांदे वर चढलेले, ओठ फिकट. तेव्हापासून दप्तरात वहीशेजारी तिचा श्वासाचा पंप असे. औषधामुळेच हे झालं का, असं त्याने डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. डॉक्टर म्हणाले, "असेलही, नसेलही. सांगता येत नाही." त्याने त्यातलं 'असेलही' तेवढं उचललं आणि कानाला खडा लावला. पुन्हा या घरात थेंब आणायचा नाही. कामाचे कपडेसुद्धा तो कंपनीतच बदलून यायचा.

त्यानंतर धाकटी झाली. ती आता सोळा महिन्यांची होती. तिला सगळे छकुली म्हणत, आणि ती आल्यापासून थोरलीला ताई. आई, बाबा, शेजारीपाजारी, सगळ्यांचीच ती ताई. आठ वर्षांच्या पोरीला तो मान इतका आवडला होता, की शाळेत बाईंनी खरं नाव घेतलं तर तिला क्षणभर कळतच नसे.

झुरळं आली तेव्हा छकुली घरभर फिरत होती. भिंत धरून, खुर्ची धरून आणि कधी कशालाच न धरता चार पावलं टाकून धपकन बसायची. हाताला लागेल ते तोंडात. त्यामुळे तो विचार करकरून थकला. बोरिक पावडर कणकेत मळून गोळ्या ठेवाव्यात, तर छकुलीच आधी शोधून काढेल. मग त्याने साबणाचं पाणी बाटलीत भरलं आणि दिसेल त्या झुरळावर मारत सुटला. ती मरतही. पण एक मेलं की चार हजर. कडुनिंबाचं तेल पाण्यात घालून फरशी पुसली, तर फरशी निसरडी झाली आणि बायको पडली. कोपऱ्यांत तमालपत्राचा चुरा टाकला. ताईने सांगितलं, एक झुरळ त्या चुऱ्यावर आरामात बसलं होतं.

"जगाची झुरळं मारता," बायको म्हणाली, "आणि आपल्याकडे आलं की मसाला घालून वाढता."

ती बेकरीत पाव बांधायच्या खात्यात सकाळच्या पाळीला जायची. पहाटे उठून डबे करायची आणि रोज डबा भरण्याआधी तो धुवायची, कारण आत काय असेल याची खात्री नसे. तिच्या नाकी नऊ आले होते. तरी ती फार बोलत नव्हती. एका सकाळी मात्र छकुलीच्या दुधाच्या बाटलीवर, अगदी बुचावर, एक भलंमोठं तांबडं झुरळ मिशा हलवत बसलेलं तिने पाहिलं. बाटली हातातून सुटली. ती ओट्याला टेकून खाली बसली आणि रडायला लागली.

"तुमच्या कंपनीत इतकं औषध आहे. सगळ्यांच्या घरी मारता. त्यांच्या घरी मुलं नाहीत?"

"आहेत."

"मग त्यांना काही होत नाही?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी पुन्हा कधी जातो त्यांच्याकडे बघायला?"

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "मी औषध मारा म्हणत नाही. ताईची छाती मीही ऐकलीय. पण ही झुरळं गटारातून येतात आणि पोरीच्या दुधावर बसतात. हे काय कमी विष आहे का? मला एवढंच सांगा, कुठलं कमी?"

त्या दिवशी कंपनीत त्याने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे एकेकाळी त्याच्याच बरोबर पंप उचलणारा, पुढे बढती मिळालेला माणूस. त्याने कपाटातून झुरळं मारायच्या जेलची एक सिरिंज काढून त्याच्या हातात ठेवली.

"फवारू नकोस. हे घे. मसुराच्या डाळीएवढे ठिपके, बिजागऱ्यांत, फटीत, वर, जिथे पोरीचा हात जाणार नाही तिथे. तुला मी शिकवायचं का आता?"

त्याने सिरिंज खिशात टाकली. कंपनीच्या जिन्यापर्यंत आला. मग त्याला ताईचे वर चढलेले खांदे दिसले. माघारी जाऊन त्याने ती साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"शपथ घेतलीय मी. घरात नको."

"तू वेडा आहेस," साहेब म्हणाला. "आणि हट्टी."

कापराचं शेवटी वाण्याने सांगितलं. कापराच्या वासाला झुरळं टिकत नाहीत, माझ्या दुकानात बघ, एक तरी दिसतंय का? खरंच दिसत नव्हतं. त्याने एक मोठं पाकीट घेतलं. घरी नेण्याआधी सवयीने उलटसुलट करून पाहिलं. डब्यांवरचं बारीक अक्षर वाचायची, कवटीचं चित्र शोधायची त्याच्या डोळ्यांना सवयच होती. इथे काही नव्हतं. झाडाचं एक हिरवं पान छापलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, शुद्ध.

त्या संध्याकाळी घरात बऱ्याच दिवसांनी थोडी मजा आली. बायकोने जुन्या चादरीचे चौकोनी तुकडे कापले. ताईने प्रत्येकात चार-चार वड्या ठेवून दोऱ्याने पुरचुंड्या बांधल्या. जीभ बाहेर काढून, एकेक गाठ दातांनी ओढून तिने अठरा पुरचुंड्या केल्या. फ्रिजच्या मागे, सिंकखाली, भांड्यांच्या फळीवर, कपड्यांच्या कप्प्यांत, जिथे जागा मिळेल तिथे ठेवल्या.

"बाबा, कसला मस्त वास येतोय! तुला खरंच येत नाही?"

"थोडा थोडा येतोय," तो तिच्या समाधानासाठी खोटं बोलला.

आणि झुरळं कमी झाली. गेली नाहीत, पण कमी झाली. पाच दिवस बायको डबे न धुता भरत होती. पाचव्या दिवशी तिने त्याला बेकरीतून एक गोड पाव आणला, नुसताच, काही कारण नसताना.

सहावा दिवस बुधवार. त्याची सुट्टी. बायको बेकरीत गेलेली, ताई शाळेत. सिंकखालची पाइपाभोवतीची फट सिमेंटने बुजवायची, हे त्याने ठरवूनच ठेवलं होतं. कुशीवर आडवा होऊन, हात खांद्यापर्यंत आत घालून तो सिमेंट चोपत होता. बाहेरच्या खोलीत छकुली खेळत होती. तिची बडबड चालू होती तोवर त्याला काळजी नव्हती. मग कपाटाचा खालचा कप्पा ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने बडबड थांबली. तो लगेच उठला. लगेचच. पुढे महिनोन्महिने तो ते मोजत राहिला, पण त्याला उठायला वेळ लागला नव्हता.

छकुली कपड्यांच्या ढिगात बसली होती आणि एक फडकं चघळत होती. त्याने ते तिच्या हातातून काढून घेतलं. चादरीचा तुकडा, ओला झालेला. "अगं, काय हे," म्हणत त्याने तिचं तोंड पुसलं, ओठांवर पांढरं काहीतरी लागलं होतं तेही पुसलं आणि फडकं वर फळीवर टाकलं. सुटलेल्या दोऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही. आणि वास त्याला यायचाच नव्हता. तिला कडेवर घेऊन तो सिंकपाशी आला, हात धुतले, तिला पाणी पाजलं. तिने तोंड वेडंवाकडं केलं, मग रडायला लागली. दात येत असतील, त्याला वाटलं.

पंधरा-वीस मिनिटांनी ती ओकली. मग तिचे डोळे वर गेले आणि सगळं अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं.

तो तिला छातीशी धरून अनवाणीच जिन्यात आला. त्याच्या ओरडण्याने शिंपी मशीन तसंच सोडून बाहेर आला, एकही प्रश्न न विचारता स्कूटर काढली. दवाखाना फार लांब नव्हता. पण वाटेत दोन सिग्नल होते, आणि दुसऱ्या सिग्नललाही पोरीचे झटके चालूच होते.

"काय खाल्लं?" तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. पाणी पाजलं फक्त."

"तुम्ही काय काम करता?"

त्याने सांगितलं. आणि सांगितल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे बदलले. कोणतं औषध? घरात कुठे ठेवता? कपड्यांना लागलेलं असतं का? बाटली कशी होती?

"घरात थेंब नाही हो बाई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "शप्पथ. मी आणतच नाही. घरात विष नाहीच माझ्या. सगळं घरगुती आहे."

डोळ्यांच्या बाहुल्या बघा, लाळ बघा, असं डॉक्टरीणबाई कुणाला तरी सांगत होत्या. झटक्यांवरचं इंजेक्शन दिलं गेलं, झटके थोडे थांबले, पुन्हा सुरू झाले. त्याचा धंदा ऐकून त्या भलत्याच विषाच्या खुणा शोधत राहिल्या. नळी घालायला एक वयस्कर नर्स छकुलीच्या तोंडावर वाकली आणि तशीच थबकली.

"मॅडम, कापूर आहे हा."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"कापूर ठेवता घरात?"

"झुरळांसाठी," तो म्हणाला.

"तुम्हाला वास नाही आला?"

दाराशी उभा असलेला शिंपी हलक्या आवाजात म्हणाला, "मला आला होता. स्कूटरवर. मला वाटलं, पोरीला सर्दीसाठी काहीतरी चोळलंय."

झटके थांबायला तासाहून जास्त वेळ लागला. मग तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. बायको बेकरीच्या टोपीसकट धावत आली. काचेच्या दाराला कपाळ टेकून ती उभी राहिली.

अकराव्या दिवशी यंत्र काढलं. छकुली आपली आपण श्वास घेत होती. डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून घेतलं. मधल्या वेळात मेंदूला हवा पुरी पडली नाही, त्या म्हणाल्या. किती नुकसान झालंय ते आज सांगता येणार नाही, काही महिने वाट पाहायची, व्यायाम द्यायचे.

"कापूर तर झाडाचा असतो ना?" बायकोने विचारलं. तिला भांडायचं नव्हतं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"असतो. पण तीन-चार वड्या म्हणजे एवढ्याशा बाळाला फार झाल्या."

त्याला साहेबांची सिरिंज आठवली. वर, बिजागऱ्यांत, जिथे पोरीचा हात जाणार नाही तिथे. साहेब दोनदा दवाखान्यात येऊन गेला, फळं ठेवून गेला, जेलचं चकार शब्दाने बोलला नाही. एकदा तरी साहेबाने बोलून टाकावं, शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटत होतं.

घरी आणल्यावर कळायला लागलं. छकुलीची मान स्थिर राहत नव्हती. हाताच्या मुठी उघडत नव्हत्या. नजर माणसावरून पुढे घसरायची, खिडकीवर जायची आणि तिथेच राहायची. बोलायला लागलेले चार-पाच शब्द गेले ते गेलेच. भरवायला तासतास लागायचा, आणि घास खाली उतरेपर्यंत बायकोचा जीव टांगणीला लागलेला असायचा. तिने बेकरी सोडली.

ताई ते अकरा दिवस शिंप्याकडे होती. घरी आली तेव्हा तिने बहिणीला लांबूनच पाहिलं. जवळ गेली नाही. पुढेही ती तिला हात लावत नसे. आईने "जरा धर गं" म्हटलं तर हात मागे घेई.

एका संध्याकाळी तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

"ताई, एक सांगायचं होतं. ती छकुलीने उघडलेली पुरचुंडी होती ना, ती मी बांधलेली होती. शेवटची राहिली होती, ती मी घाईत बांधली. गाठ ढिली राहिली."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. आठ वर्षांच्या पोरीची ती नजर नव्हती.

"बाबा, तू एकपण बांधली नव्हतीस," ती म्हणाली. "अठराच्या अठरा मी बांधल्या. मी मोजल्या होत्या."

"तुझी चूक नाहीये गं बाळा. मी ठेवली खाली. मला वास—"

"मला माहितेय," ती म्हणाली आणि वही उघडून बसली. तो उठेपर्यंत तिने पान उलटलं नाही.

कापूर फेकून दिल्यावर झुरळं पुन्हा पहिल्यासारखी झाली. छकुलीला आता हात हलवून ती झटकता येत नव्हती. एकदा तिच्या मानेवर एक चढलं आणि ती तशीच खिडकीकडे बघत राहिली. बायकोने ते पाहिलं. ती रडली नाही. फडक्याने झुरळ उचललं, दाबलं, हात धुतले आणि म्हणाली, "मारा आता. तुमचं जे काय असेल ते आणा आणि मारा. मला घर स्वच्छ पाहिजे."

"अगं, पण ताईची छाती—"

"मग दुसरं काही सांगा. आहे दुसरं काही?"

नव्हतं. घरात काही आणायचं बळ त्याच्यात राहिलं नव्हतं, आणि न आणायचंही. मुलींना घेऊन बायको तीन दिवस भावाकडे गेली. त्याने सुट्टी घेऊन स्वतःच्या घरात पंप चालवला. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तसं अक्षरशः केलं. भांडी हलवली, गाद्या बाहेर काढल्या, खिडक्या उघड्या ठेवल्या, दोनदा फरशी धुतली. मेलेली झुरळं सुपलीने भरली. त्या ओल्या फरशीवर उभं राहून त्याने जोरात श्वास घेऊन पाहिला. औषध घरात राहिलंय की गेलंय, हे त्याला कळायचा काहीच मार्ग नव्हता.

दहा दिवस बरे गेले. मग ताईला धाप लागली. फवारणीमुळे की हवा बदलल्यामुळे, की गेले काही महिने ती नीट झोपत नव्हती त्यामुळे, ते कुणालाच सांगता आलं नाही. डॉक्टरांनी तिचं औषध वाढवलं. आणि अठराव्या दिवशी ओट्याच्या कडेला एक झुरळ दिसलं. लहान होतं, नुकतं अंड्यातून निघालेलं. दोघांनी ते पाहिलं. त्याने हात उचलला नाही, तिनेही नाही. ते पाइपामागे निघून गेलं.

त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "ताईला दादाकडे ठेवते. मला दोघींचं होत नाही. तिथे हवाही बरी आहे, शाळाही जवळ आहे."

नाही म्हणायला त्याला तोंड कुठे होतं?

रविवारी सकाळी मामा गाडी घेऊन आला. ताईने आपली पिशवी स्वतः भरली होती. कपडे, वह्या, श्वासाचा पंप. आईला तिने मिठी मारली. दारात छकुलीला मांडीवर घेऊन आई बसली होती, पण ताईने बहिणीकडे पाहिलं नाही. तो पिशवी घेऊन खाली आला. शिंपीही मुद्दाम आला होता, तिच्यासाठी शिवलेला नवा झगा घेऊन. ती त्याला "थँक्यू काका" म्हणाली.

"दर रविवारी येईन मी," बाबा म्हणाला. "काय हवं ते सांग, घेऊन येईन."

"बरं," ती म्हणाली आणि गाडीत पुढे मामाशेजारी जाऊन बसली. पट्टा तिने स्वतःच लावला.

लहान मुलं अशा वेळी रडतात, परत कधी यायचं म्हणून विचारतात. त्याने उत्तर तयार ठेवलं होतं, दोन-तीन उत्तरं. ताईने काहीच विचारलं नाही. गाडी सुरू झाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर त्याला जे दिसलं ते दुःख असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पोरीने सीटला मागे टेकून डोळे मिटले आणि खांदे खाली सोडले, एखाद्या थकल्या माणसाने कामावरून सुटल्यावर सोडावेत तसे.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. तो वर आला. छकुली जागी होती, खिडकीकडे बघत होती. तिला भरवायची वेळ झाली होती. बायकोने वाटी त्याच्या हातात दिली.